एका अंगाला दूध कमी येतं तेव्हा

नांदगाव, मनमाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की घरातल्या बायका सकाळीच शेताकडे निघतात. अंगावर पाजणारी आईही त्यांत असते. निघायच्या घाईत बाळाला सोयीच्या एकाच बाजूला घेतलं जातं. काही दिवसांनी तक्रार सुरू होते, 'डाव्या अंगाला दूधच नाही, बाळ तिकडे तोंड लावत नाही.' मग कुणीतरी सुचवतं, पावडरचा डबा आणा. तो आणण्याआधी थोडं समजून घेऊ या.

दोन्ही अंगांना दूध सारखं येतंच असं नाही. थोडाफार फरक बहुतेक आयांमध्ये असतो. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तातून दोन्हीकडे पोचतं. पण किती दूध बनवायचं, हे प्रत्येक बाजू आपापलं ठरवते. जी बाजू रिकामी होते, तिथे दूध वाढतं. जी भरलेली राहते, तिथे कमी होतं. म्हणजे 'दूध आटलं' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्या बाजूकडून दूध कमी मागितलं गेलेलं असतं.

बाळ एक बाजू का टाळतं? कधी त्या बाजूचं बोंड सपाट असतं, कधी दूध फार जोरात किंवा फार हळू येतं. कधी बाळाची मान एका बाजूला आखडलेली असते, कान दुखत असतो, किंवा लस टोचलेली मांडी दाबली जाते.

उपाय घरचेच आहेत. काही दिवस कमी दुधाच्या बाजूनं पाजायला सुरुवात करा. बाळ अर्धवट झोपेत असताना त्या बाजूला घ्या. आवडत्या बाजूला पाजून, बाळाला न वळवता तसंच दुसरीकडे सरकवा. पाजून झाल्यावर हातानं थोडं दूध काढा. बळजबरी मात्र नको. भरलेली बाजूही एकदम बंद करू नका, गाठी होतात. कामाला जाताना काढून ठेवलेलं दूध सावलीच्या, थंड जागी झाकून चार तासांपर्यंत चालतं. ते बाटलीनं न देता वाटी-चमच्यानं पाजावं.

दूध पुरतं की नाही, हे स्तनाच्या आकारावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते का, वजन वाढतं का, ते पाहा. वजन अंगणवाडीत होतं, आशाताईंनाही विचारा. हे ठीक असेल तर एका बाजूला कमी असलं तरी काळजी नाही. जुळ्यांच्या काही आयाही एकेक बाजूवर एकेक बाळ वाढवतात.

स्तन लाल, गरम होऊन ताप आला, तर पाजणं न थांबवता डॉक्टरांकडे जा. पूर्वी दोन्हीकडे पिणारं बाळ अचानक एकच बाजू नाकारू लागलं आणि हाताला गाठ लागली, तर तीही दाखवून घ्या.

आणि घरातल्या थोरांना एक विनंती. 'तुला दूधच नाही' असं बाळंतिणीला म्हणू नका. काळजीनं पान्हा फुटायला वेळ लागतो. त्याऐवजी पाजायला बसेल तेव्हा तिच्या हातातलं काम तेवढं तुम्ही घ्या.