राखणीचा कुत्रा आणि कळांची चाचणी



अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणावर बोला, असं मला सांगितलंय. विषय मोठा, वेळ थोडा, म्हणून मी त्यातलं एकच धरून बसणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली आपल्या देशात सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे भरायच्या आत जन्मली. जगात सर्वांत जास्त. तेव्हा सातव्या महिन्यात सुनेचं पोट आवळायला लागलं की घरादाराची झोप उडते, यात नवल नाही.

मग चाचण्या होतात. एक म्हणजे आतून करायची सोनोग्राफी. तीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. दुसरी फायब्रोनेक्टिनची. हे प्रथिन बाळाभोवतालचं आवरण गर्भपिशवीला चिकटवून धरतं. मधल्या महिन्यांत ते खालच्या स्रावात फारसं दिसायला नको. दिसलं की रिपोर्ट पॉझिटिव्ह. ही चाचणी आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही, पण मिळते तिथे तिच्या रिपोर्टवरून घरात रडारड होते. माझी तक्रार आहे ती इथे. चाचणीचा ‘हो’ आणि चाचणीचा ‘नाही’ आपण एकाच तराजूत तोलतो. तसं नसतं हो!

वस्तीवर राखणीचा कुत्रा असतो ना, तसं हे आहे. चोर आला की तो भुंकतो. पण पोस्टमन आला तरी भुंकतो, मांजर गेलं तरी भुंकतो, वाऱ्यानं पत्रा वाजला तरी भुंकतो. तो भुंकला म्हणून काठी घेऊन धावायचं नसतं, उठून बघायचं असतं. मात्र असा भुंकरा कुत्रा गप्प असला, तर खुशाल झोपावं. फायब्रोनेक्टिनचं तेच. आदल्या दिवशी नवरा-बायकोचा संबंध आला असेल, थोडं रक्त गेलं असेल, नमुना घेण्याआधीच डॉक्टरांनी आतून तपासलं असेल, तरी हा भुंकतो. कळा येताहेत म्हणून तपासलेल्या बाईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर पुढच्या आठवड्यात ती बाळंत होण्याची शक्यता शेकड्यात एखादीच. पॉझिटिव्ह आलेल्यांतल्याही बहुतेक जणी त्या आठवड्यात बाळंत होत नाहीत.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: ‘नाही’वर आठवडाभर विसंबा, ‘हो’नं हबकू नका. आठवडाभर म्हणालो, नऊ महिने नव्हे. कुत्रा आज रात्री गप्प होता, म्हणून पुढच्या अमावास्येची हमी देत नाही.

आता ज्या गावात चोरच फिरकत नाही, तिथे बहिरा कुत्राही राखणदार म्हणून नावाजतो. समजा, कळा येतात म्हणून शंभर जणी आल्या आणि त्यांतल्या पाचच आठवड्यात बाळंत होणार आहेत. मी कुणालाही न तपासता सगळ्यांना ‘घरी जा’ म्हटलं, तरी ९५ वेळा बरोबर ठरेन! म्हणून ‘आमची टेस्ट ९९ टक्के खरी’ असं कुणी म्हणालं की विचारा: ‘हो’ खरा की ‘नाही’? आणि कोणत्या बायकांत? काहीही त्रास नसलेल्या, पहिलटकरीण बायकांची अमेरिकेत मोठी पाहणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्या पुढे आपोआप कळा येऊन लवकर बाळंत झाल्या, त्यांतल्या चौथा हिस्सा बायकासुद्धा सोनोग्राफीत आधी सापडल्या नव्हत्या. फायब्रोनेक्टिनला तर दहांतली एकही धड सापडली नाही. म्हणून त्रास नसताना ‘एकदा करूनच टाकू’ म्हणू नका.

सोनोग्राफीचंही ऐका. लघवी करून या म्हणतात, ते उगाच नव्हे. मूत्राशय भरलेलं असलं की तोंड लांब दिसतं, आणि आपण फसतो. घाई न करता तीनदा मोजायचं आणि सर्वांत कमी आकडा धरायचा. कळा येत असतानाही तो ३० मिलिमीटरच्या वर असेल, तर बहुधा त्या कळा विरून जातात. १५च्या खाली असेल, तर भरती व्हावं.

एवढा खटाटोप कशासाठी? बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांचा खरा उपयोग दिल्यापासून एक ते सात दिवसांत बाळंतपण झालं तर. फार आधी दिली तर वाया, उशीर झाला तर पश्चात्ताप. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या इंजेक्शनांमुळे बाळांचे मृत्यू शेकडा साडेतेवीसवरून साडेएकोणीसवर आले. म्हणजे वेळ ओळखण्याला किंमत आहे.

आता सासूबाईंना थोडं रागावतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून तिला दोन महिने खाटेवर खिळवून ठेवू नका. पडून राहिल्यानं बाळंतपण लांबतं असं सिद्ध झालेलं नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या मात्र होऊ शकतात. आणि आम्हा डॉक्टरांनाही सांगतो, कागदावर ‘निगेटिव्ह’ आहे म्हणून कण्हणाऱ्या बाईला दारातून परत पाठवू नका. पाणी गेलं, रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी झाली, तर चाचणीची वाट न बघता निघायचं, आणि शक्यतो अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सोय असलेल्या ठिकाणी.

जुळं असेल तर हे आकडे असेच्या असे लागू होत नाहीत, तिथे गर्भपिशवीचं तोंड... पण समोरून खूण झाली, वेळ संपली. जुळ्यांचं राहिलं. बाकी काही विसरलात तरी चालेल, रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: हा ‘हो’ किती पक्का, आणि हा ‘नाही’ किती दिवसांचा?