ऐकून वाजवणाऱ्याचं व्याकरण
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू ऑर्केस्ट्रात ते चार तारांचं मोठं गिटार वाजवतोस, त्यावर बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं. त्याला बेस गिटार म्हणतात. कार्यक्रमात त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण ते थांबलं की गाणं पोकळ झाल्याचं सगळ्यांना कळतं.

बारामती-इंदापूर पट्ट्यात गणपती, नवरात्र, लग्नं आणि यात्रांमध्ये वाजवणारे आम्ही बहुतेक ऐकून शिकलेले. कॅसेट मागे-पुढे करायची आणि कान सांगेल तिथे बोट ठेवायचं. कान तयार होतो, हे खरं. पण गायक ऐनवेळी म्हणतो, ‘आज घसा बसलाय, काळी चार नको, पांढरी चार घ्या.’ ज्यानं फक्त जागा पाठ केल्यात तो अडतो. ज्याला स्वरांमधलं अंतर माहीत आहे, तो तीन घरं खाली सरकतो आणि वाजवत राहतो. शास्त्राचा पहिला उपयोग हा असा रोकडा आहे.

मी चाळिशीनंतर वही घेऊन बसलो, तेव्हा कळलं की शास्त्र माझ्या वाद्यावरच मांडून ठेवलंय. बेसच्या चारही तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावतात. एका तारेवर सा धरा. त्याच घरात शेजारची बारीक तार दाबली की म मिळतो, आणि जाड तार दाबली की खालचा प. सा, म, प या तीन खांबांवर कितीतरी गाणी उभी आहेत, आणि ते तिन्ही एका बोटाच्या टप्प्यात.

कीबोर्डवाला सा-ग-प एकत्र धरतो. खाली मी सा दिला तर सूर प्रसन्न, पण सा सोडून शुद्ध ध दिला, तर वरचे स्वर तेच असून गाणं हळवं होतं. मालकंसावरचं गाणं असेल तर पंचम वर्ज्य. तिथे तंबोरासुद्धा मध्यमाला लावतात. सवयीनं प वाजवला की राग मोडतो. कानाला हे खटकतं, पण का खटकलं ते शेजारच्या पोराला सांगायला शब्द लागतात. शास्त्र म्हणजे ते शब्द.

आपल्या मराठीच्या बाईंना हे वेगळं सांगायला नको. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, असं फळ्यावर खुणा करून त्यांनी शिकवलं. मोरोपंत (१७२९-१७९४) आपल्या बारामतीचे. त्यांची लाडकी गीती: १२ आणि १८, म्हणजे अर्ध्या गीतीत ३० मात्रा. चारचारनं मोजलं तर साडेसात गट होतात. उरलेल्या दोन मात्रा दम घ्यायला ठेवल्या की ३२, म्हणजे त्रितालाची सरळ दोन आवर्तनं! बाईंनी तेव्हाच ताल शिकवला होता, नाव फक्त वृत्ताचं होतं.

‘शास्त्र आलं की मजा जाते,’ असं माझे साथीदार म्हणतात. आपण सगळे व्याकरणाआधी मराठी बोलायला लागलो. व्याकरण शिकल्यावर कुणाची भाषा आटली का? उलट पत्र लिहिता आलं, दुसऱ्याला शिकवता आलं.

म्हणून एक विनंती. गावोगावी बँडमध्ये, भजनी मंडळात ऐकून वाजवणारी पोरं आहेत. हात तयार आहेत, पण ‘हा नुसता ऐकून वाजवणारा’ म्हणून त्यांना कमी लेखतात, आणि सुगी संपली की कामही संपतं. स्वरलिपी आली तर ती शिकवणी घेऊ शकतील, नव्या ठिकाणी उभी राहतील. आपण मेळाव्यासाठी निधी जमवतो. त्यातून शाळेत आठवड्याला दोन तास, एक पेटी, एक फळा आणि शिकवणारा माणूस एवढं व्हावं. रविवारचा तास मी घेईन, मानधन नको.

बाई, पहिल्या तासाला मात्रा मोजायला तुम्ही यायचं.