हत्यारांची पेटी कुणाची?

(मोहोपाडा, रसायनी इथे झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातलं भाषण)



सकाळपासून आपण हक्कसोडपत्र, सातबारा, वारसनोंद यांवर बोलतो आहोत आणि जेवणानंतरच्या झोपेच्या वेळेला मला गिटारवर बोलायला उभं केलं आहे. काहीजणी हसताहेत. हसा. मी गाणारी नाही, वाजवणारी तर नाहीच. मी तीस वर्षं इथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले. पण गेल्या वर्षी मी एका गिटारचं लाकूड कोरलं. ते का आणि कसं कोरलं, एवढंच सांगणार आहे.

आमच्या गाण्याच्या गटात डफ आहे, खंजिरी आहे. गिटार आली ती वसाहतीतून. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचे इथले बहुतेक विभाग बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. त्यानंतर घरं रिकामी होऊ लागली आणि जाणारी माणसं सामान वाटून जाऊ लागली. तशीच एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आमच्या गटातल्या एका मुलीकडे आली. ती शिकली स्वतःच. वाजवते छान. पण गिटार लाऊडस्पीकरला जोडली की घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा आणि थांबायचाच नाही.

त्याचं कारण सोपं आहे. तारांच्या खाली पिकअप नावाचा भाग असतो. लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उमटते, तोच आवाज. पण ट्यूबलाइट, पंखे, अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर यांच्यातून सेकंदाला ५० वेळा हेलकावणाऱ्या विजेची कुरबुरही ते वेढे तितक्याच निष्ठेने पकडतात. समाजमंदिराच्या हॉलमध्ये तर फारच. मुलीला कळलं होतं, की अंग जरा वळवलं की घूं कमी होते. म्हणून ती कार्यक्रमभर श्रोत्यांकडे खांदा करून उभी राहायची.

त्या वर्षीच्या ८ मार्चला आमच्यातली एक बाई पहिल्यांदाच माइकसमोर बोलली. कंत्राटावर झाडलोट करणारी. ती आपला पगार कसा कापला गेला ते सांगत होती आणि मागे हळू गिटार, असं ठरलं होतं. तिचा आवाज मुळात बारीक. मागच्या रांगांना गिटारची घूं ऐकू आली, ती बाई ऐकू आली नाही. खाली उतरून तिने मला विचारलं, “ताई, मी बोलले ना बरोबर?” मी हो म्हटलं. काय बोलली ते मीही अर्धंच ऐकलं होतं.

यावर इलाज आहे आणि तो १९५५ सालचा आहे. अमेरिकेत गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या तंत्रज्ञाने एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली, ती एकमेकांविरुद्ध जोडली आणि चुंबकाचे ध्रुवही उलटसुलट ठेवले. बाहेरची घरघर एकीत सुलट, दुसरीत उलट येते आणि मिटते. तारेचा आवाज मात्र मिटत नाही, त्याची बेरीज होते. असा पिकअप आणायला आम्ही दोघी शहरात गेलो. दुकानदाराने विकला, पण म्हणाला, हा तुमच्या गिटारमध्ये बसणार नाही, लाकूड मशीनने कोरावं लागेल. मग माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाला, “बरोबर कुणी जेन्ट्स आहेत का? म्हणजे नीट समजावून सांगतो.”

आम्ही नीट न समजताच परत आलो.

आता पेटीकडे येते. माझे वडील, अप्पा, सुतार. दर खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडायची आणि हळदकुंकू वाहायचं हे काम माझं. पण पटाशी हातात घेतली की अप्पा काढून घ्यायचे, “हात कापशील.” विळीवर मात्र मला सातव्या वर्षी बसवलं होतं. विळीने हात कापत नाही असं आमच्या घरात सगळ्यांचं मत असावं. पुढे बी.एस्सी. झाले, नोकरी लागली. तिथेही १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे चालू यंत्राला तेल घालायला आणि ते साफ करायला बायकांना मज्जाव होता. कायदा अप्पांसारखंच बोलत होता.

अप्पा गेल्यावर मी घराचं हक्कसोडपत्र करून दिलं. १९९४ चा आपल्या राज्याचा कायदा, २००५ ची केंद्राची दुरुस्ती, सगळं मला माहीत होतं. आपल्याच मंडळाची पुस्तिका मी वाटली होती. तरी सही केली. का, ते सकाळी तुमच्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं, माझं काही निराळं नाही. हत्यारांची पेटी मात्र कुठल्याच कागदात नव्हती. ती दादाच्या माळ्यावर होती. दुकानातून आल्यावर मी त्याला फोन केला. म्हटलं, अप्पांची पेटी हवी. दादा म्हणाला, “कशाला? भाऊजींना हवी का?”

पेटीत दोन पटाश्या निघाल्या, मोगरी, कानस, हाताने फिरवायचं ड्रिल, गुण्या, निसणा. पटाश्या गंजलेल्या. पहिला अख्खा रविवार धार लावण्यात गेला आणि तो वाया गेला नाही. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोराने ती घसरते. हात कापतो तो बोथट हत्याराने.

मग गिटार गोधडीवर आडवी ठेवली. तारा एकेक करून सैल केल्या, स्क्रू वाटीत ठेवले, पुढची प्लास्टिकची पाटी काढली. कुठली वायर कुठे जाते त्याचं चित्र काढून ठेवलं. जुन्या पिकअपची खोबण जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. नवा पिकअप ३८ मिलिमीटर. पुठ्ठ्याचा साचा कापला, लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली, आणि त्या रेषेवर आधी सुरीने रंग कापून घेतला. हे विसरलात तर पटाशीबरोबर बाहेरच्या रंगाचे टवके उडतात.

एकदम पटाशी मारायची नाही. रेषेच्या आत शेजारी शेजारी भोकं पाडायची. किती खोल जायचं तिथे ड्रिलच्या पात्यावर कागदी पट्टी चिकटवायची. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. कारण या गिटारला पाठीमागून स्प्रिंगांसाठी आणखी एक खोबण असते, आणि दोहोंच्या मध्ये सेंटिमीटरभर लाकूड उरतं. जोरात गेलात तर आरपार. भोकं झाली की मधल्या भिंती पटाशीने छिलायच्या. पटाशीची सपाट बाजू रेषेकडे, उतरती बाजू खोबणीकडे. मोगरीचा टोला हलका. चपातीच्या पापुद्र्याएवढं लाकूड निघालं की बस. दोन टोकांना पिकअपच्या पायांसाठी जरा जास्त खोल.

गिटारचं अंग भरीव लाकडाचं नव्हतंच, प्लायवुडचं निघालं. प्लायवुडचे थर एकाआड एक आडवे-उभे, त्यामुळे एका थराला मानवणारी दिशा पुढच्याला मानवत नाही. संध्याकाळ झाली होती, मी कंटाळले होते, धार पुन्हा लावायला हवी होती ती लावली नाही. एक टोला जोराचा बसला आणि रेषेबाहेरचा बोटभर तुकडा उडाला. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. तुकडा पलंगाखाली सापडला. फेव्हिकॉल लावून, फडक्याने आवळून रात्रभर ठेवला. सांधा अजून दिसतो, पण पाटीखाली झाकला जातो. पाटीचं भोक कानशीने वाढवलं. भुसा आणि कीस पूर्ण काढल्यावरच पिकअप जवळ आणला, कारण कानशीचा लोखंडी कण चुंबकाला चिकटला की सुटत नाही. सोल्डरिंग मुलीने केलं. एकूण तीन रविवार.

त्या तीन रविवारांत मुलीने मला एक माहिती दिली. कॅलिफोर्नियातल्या फेंडरच्या कारखान्यात अबिगेल इबारा नावाची बाई १९५६ पासून पिकअपचे वेढे गुंडाळायची, २०१३ मध्ये निवृत्त झाली. एका पिकअपला साधारण ८,००० वेढे. तिच्या नावाची आद्याक्षरं असलेल्या पिकअपला आज वादक जास्त पैसे मोजतात. दुसऱ्या महायुद्धात कलामाझूच्या गिब्सन कारखान्यात गिटारी करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, आणि कंपनी मात्र सांगत होती की युद्धकाळात आम्ही वाद्यं करतच नाही. बारीक तार गुंडाळायला बायकांची बोटं चालतात. ते काम ‘नाजूक’, म्हणून बायकांचं. लाकूड कोरायला जोर लागतो, म्हणून पुरुषांचं. मी सांगते, जोर लागत नाही. जोर लावला तेव्हाच माझा तुकडा उडाला.

यंदाच्या कार्यक्रमात ती झाडलोट करणारी बाई पुन्हा बोलली. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते. कुठल्या महिन्याला किती रुपये कापले ते तिने महिन्यावार सांगितलं आणि मला आकडे ऐकू आले. मुलगी समोर तोंड करून वाजवत होती.

दसऱ्याच्या आधी दादाचा फोन आला, खंडेनवमीला पूजेसाठी पेटी पाठव. मी म्हटलं, पेटी इथेच राहील, तू ये. आला. कुंकू लावलं, पटाशी उचलली, धारेवरून अंगठा फिरवला. म्हणाला, “कुणी लावली?” मी म्हटलं, मी. चहा घेऊन गेला. पेटीबद्दल पुढे काही बोललेला नाही, मीही काढलेलं नाही.

पेटी आज आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. चहाच्या वेळात हात लावून बघा. लाकडाचा एक ठोकळाही ठेवला आहे. धार लावलेली आहे, तेव्हा पात्याकडून उचलू नका.