बेंजोच्या दोन वाटा आणि आवाजाचा समतोल



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की पगारवाढ, बोनस आणि संप यांविषयी चार शब्द ऐकावयास मिळतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही आपल्यापुढे बेंजोच्या वायरी आणि पेडलांचे नॉब घेऊन आलो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण बेंजो वाजवणारे हातही कामकऱ्याचेच हात आहेत. दिवसा कारखान्यात किंवा रिक्षावर आणि रात्री हळदीच्या मांडवात, अशी दुहेरी पाळी करणारी माणसे आमच्या वडखळच्या पंचक्रोशीत आहेत. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. म्हणून त्यांच्या शेजारी बसून जे ऐकले आणि मग पुस्तकांतून पडताळून पाहिले, तेवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला चामडे मढवलेला बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. जपानात नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवण्याची ती कल्पना. तेच वाद्य पुढे हिंदुस्थानात रुजले आणि मुंबई-कोकणात मिरवणुकीचे व लग्नाचे वाद्य बनले. तारांपाशी पिकअप बसवला की ते विजेवर बोलू लागते. मग कोणी त्याला आवाज खरखरीत करणारे डिस्टॉर्शनचे पेडल लावतो, कोणी प्रतिध्वनी देणारे इकोचे.

आता ही पेडले जोडण्याचे दोन प्रकार आहेत. शाळेच्या विज्ञानात आपण एकसर आणि समांतर जोडणी शिकलो, तेच हे दोन प्रकार. एकसर जोडणीत बेंजोचा आवाज आधी डिस्टॉर्शनमध्ये जातो, तिथून इकोमध्ये आणि मग ध्वनिवर्धकात. पहिल्याने जे खरखरीत केले तेच दुसरा पुन्हा पुन्हा म्हणतो. हळदीची चाल द्रुत असली की सूर एकमेकांवर चढतात आणि वादकाच्या बोटांची सफाई त्या गदारोळात हरवते. समांतर जोडणीत मात्र मूळ आवाज एका वाटेने सरळ जातो आणि पेडलचा आवाज दुसऱ्या वाटेने. पेणहून आलेली वाहने वडखळ नाक्यावर फुटतात, काही अलिबागकडे जातात, काही नागोठण्याकडे. त्यांचे तिथेच भागते. आवाजाच्या दोन वाटांना मात्र पुढे पुन्हा एकत्र यावे लागते, आणि सगळा घोटाळा या एकत्र येण्यात आहे.

प्रथम वाट फोडण्याविषयी. पिकअपमधून येणारी वीज अतिशय अशक्त असते. तिच्यावर एकदम दोन पेडलांचा भार टाकला तर आवाजातला वरचा, चमकदार भाग बोथट होतो. म्हणून वाट फुटण्यापूर्वी बफर नावाचे लहानसे मंडल घालावे. ते पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढत नाही आणि पुढे दोघांनाही भक्कमपणे पुरवते.

दुसरी गोष्ट इकोची. त्या पेडलवर मूळ आवाज आणि प्रतिध्वनी यांचे प्रमाण ठरवणारा नॉब असतो. समांतर जोडणीत तो पूर्णपणे प्रतिध्वनीकडे फिरवावा. मूळ आवाज आपल्या वाटेने येतच आहे. तो इकोच्या वाटेनेही येऊ दिला, तर एकाच माणसाचे नाव हजेरीपटावर दोनदा लागल्यासारखे होते.

आता मुख्य प्रश्न पातळीचा. नॉबवरचे आकडे सारखे ठेवले म्हणजे समतोल झाला, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. एका पेडलवरचा ५ हा आकडा दुसऱ्यावरच्या ५ इतका नसतो. मीटरवरचा काटा सारखा आला तरी कान तसे मानीलच असे नाही, कारण आपला कान सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या सुमाराला सर्वांत तीक्ष्ण असतो आणि डिस्टॉर्शन नेमका वरच्या कंपनांचा भरणा करते. त्याहून महत्त्वाचे असे की, साधी वाट वादकाच्या हाताप्रमाणे लहानमोठी होते. डिस्टॉर्शनची वाट मात्र आवाज चेपून जवळजवळ एकाच पातळीवर ठेवते. हलक्या हाताने वाजवून समतोल साधला, तर मिरवणुकीत हात तापल्यावर डिस्टॉर्शन मागे पडते. जोरात वाजवून साधला, तर हळुवार चालीत तेच सर्वांच्या डोक्यावर बसते. म्हणून ज्या जोराने प्रत्यक्ष वाजवायचे, त्याच जोराने पातळी ठरवावी. आधी साधी वाट एकटी लावावी, मग दुसरी एकटी ऐकावी, आणि शेवटी दोन्ही एकत्र करून दुसरी हवी तेवढीच चढवावी.

दोन वाटा एकत्र आल्या की एकूण पातळीही वाढते. दोन्हींतला आवाज अगदी एकसारखा असेल तर ६ डेसिबलने, आणि एकमेकांशी मेळ नसलेला असेल तर सुमारे ३ डेसिबलने. तेवढे शेवटच्या नॉबवर उतरवून घ्यावे.

कधी कधी याच्या उलट घडते. दोन वाटा जोडल्या आणि आवाज वाढण्याऐवजी पोकळ झाला! काही पेडले लहर उलटी करून बाहेर सोडतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि दोघी मिळून एकमेकींना खातात. नॉब चढवून हा रोग बरा होत नाही. एक लहर उलटवूनच घ्यावी लागते. पुष्कळ मिक्सरांवर त्यासाठी बटण असते. दुसरे कारण उशिराचे. डिजिटल पेडल आवाजाचे आकड्यांत रूपांतर करते आणि त्यात काही सहस्रांश सेकंद जातात. २ सहस्रांश सेकंदांच्या उशिराने सेकंदाला २५०, ७५०, १२५० अशा कंपनांवर आवाजात खड्डे पडतात. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या असतील तर हे खड्डे सर्वांत खोल होतात. दुसरी वाट १० डेसिबलने खाली ठेवली तर तो खड्डा ३ डेसिबलच्या आसपास राहतो. समतोल म्हणजे सरसकट समानता नव्हे, तो असा.

शेवटी वाटा जोडताना दोन पेडलांच्या वायरी नुसत्या पिळून एकत्र करू नयेत. एकाचे निर्गमन दुसऱ्याचा आवाज गिळून टाकते. प्रत्येक वाटेत दहा हजार ओहमचा रोधक घालावा, किंवा सरळ मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनेलांत त्या द्याव्यात.

हे सगळे कशासाठी? आम्ही नेहमी पाहतो ते असे. बेंजो ऐकू येत नाही म्हणून बेंजोवाला नॉब चढवतो. मग कीबोर्डवाला चढवतो, मग ऑक्टोपॅडवाला, आणि पुन्हा बेंजोवाला. तासाभरात सगळे नॉब टोकाला पोहोचतात आणि बेंजो अजूनही ऐकू येत नाही तो नाहीच! दहा डेसिबल वाढवले की शक्ती दहापट लागते, आणि कानाला मात्र आवाज दुप्पटच वाटतो. बाकीची शक्ती जाते कोठे? ती कर्ण्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानात जाते.

कारखान्यांसाठी केलेल्या आपल्या देशाच्या नमुना नियमांत ९० डेसिबल आवाजात ८ तास, ९५ मध्ये ४, १०० मध्ये २ आणि १०५ मध्ये फक्त १ तास, अशी मर्यादा घातली आहे. कारखान्यात हा हिशेब विचारणारा निरीक्षक असतो, संघटना असते. गाडीवर कर्ण्यांच्या भिंतीला पाठ लावून चार-पाच तास वाजवणाऱ्या पोराचा हिशेब कोण विचारतो? त्याला ना पाळी, ना कानात घालायचे बोळे, ना नुकसानभरपाई. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि वादकाची श्रवणशक्ती म्हणजे त्याची रोजी. शेजारपाजाऱ्यांचाही विचार आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठेवली आहे, आणि रात्री १० नंतर मोकळ्या जागी ध्वनिक्षेपकाला, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर बंदी आहे. पण केवळ पोलिसांच्या धाकाने हा प्रश्न सुटेल, असे आम्हाला वाटत नाही. ज्याला आपला आवाज स्पष्ट ऐकू येतो, त्याला तो वाढवण्याची गरजच पडत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. एखादा मागे पडला म्हणजे त्याला चढवू नका. जो पुढे गेला आहे त्याला आधी खाली आणा. संघटनेच्या सभेतही आम्ही हेच शिकलो. एकदम दहाजण ओरडू लागले की अकराव्याला ओरडायला सांगून भागत नाही, दहांना बसवावे लागते.

येत्या गणेशोत्सवापूर्वी मंडळांनी आणि लग्नघरच्या यजमानांनी आपल्या बेंजो पार्टीला सुपारी देताना आणखी दोन गोष्टी कबूल कराव्यात. वाजवण्यापूर्वी अर्धा तास आवाज जुळवायला द्यावा, आणि दर तासाला वादकाला कर्ण्यापासून दूर दहा मिनिटे बसू द्यावे. याला पैसे फारसे पडत नाहीत.