अपलोड स्पीड, बतावणी आणि उसाच्या फडातले प्रेक्षक

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच आहे. आणि आज मी माझी एक चूक सांगणार आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातलं. दिवाळीची सुट्टी आणि वर्क फ्रॉम होम जोडून मी महिनाभर गावी राहिलो होतो. तेव्हा कॉलेजची काही पोरं घरी आली. कुणी नाट्यशास्त्राचं, कुणी संगीताचं, दोघं चित्रकलेची. म्हणाली, "दादा, युवक महोत्सवासाठी आम्ही भारूड, पोवाडा, मिमिक्री असं सगळं बसवतो. एकदा सादर होतं आणि संपतं. आम्हाला सगळ्यांचा मिळून यूट्यूबवर लाईव्ह शो करायचाय. तुम्ही फक्त कॉम्प्युटरचं बघा."

आता आपल्या मराठवाड्यात एकट्यानं स्टेज गाजवल्याचं मोठं उदाहरण आहे. लक्ष्मण देशपांडे संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवायचे आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकटेच करायचे, 52 पात्रं! पुढं आपल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी तोच प्रयोग केला. या पोरांचं मात्र उलटं होतं. 11 जणांचा एक शो, आणि सगळे एका जागी पण नाहीत. एक परळीत, दोघं अंबाजोगाईला होस्टेलवर, बाकीचे आमच्याकडे.

मी ओबीएस टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. कॅमेरा, माईक, दुसऱ्याच्या फोनवरून आलेला व्हिडिओ, चित्रं, सगळं त्यात एकत्र करता येतं आणि एकच स्ट्रीम यूट्यूबकडे जाते. चित्रकलेच्या पोरांनी पडदा रंगवला, प्रत्येक आयटमची पाटी हातानं काढली. दिसायला एक नंबर!

सहावा आयटम भारूडाचा होता. करणारी मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं नाव सांगत नाही. तिचे आईवडील दिवाळी झाली की टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते. आईनं तिचं भारूड कधीच पाहिलं नव्हतं, कारण कार्यक्रम असायचे तेव्हा आई फडात असायची. त्या दिवशी वडिलांच्या फोनवर लिंक गेली होती. कोपीसमोर सगळी टोळी बसणार होती.

आता माझी चूक. मी स्पीड टेस्ट केली, डाऊनलोड 40 आलं, मी खूश. खाली अपलोड 3 लिहिलं होतं, ते बघितलंच नाही. लाईव्ह करणाऱ्याला अपलोडच लागतं ना! आणि मी 1080 ला 4500 किलोबिट बिटरेट लावला. म्हणजे बोअरला दीड इंच पाणी आणि आपण धरलं चार इंचाचं. त्यात टेस्ट केली दुपारी आणि शो संध्याकाळी, गावातला प्रत्येक फोन टॉवरला लटकलेला असतो तेव्हा.

पहिले पाच आयटम अडखळत गेले. सहाव्याला स्ट्रीम पडली. पोरगी समोर जीव तोडून करत होती आणि फोनवर नुसतं गोल फिरत होतं. तिला थांबवायला कुणाची जीभ रेटेना. संपल्यावर तिनं विचारलं, "दिसलं का आईला?" मी म्हटलं, नाही. मग तिनं विचारलं, "रेकॉर्डिंग तरी?" ते बटण मी दाबलंच नव्हतं. ओबीएसमध्ये स्ट्रीम आणि रेकॉर्डिंगची बटणं वेगळी असतात. नेट पडलं तरी लॅपटॉपवर सगळं नीट साठतं. एक क्लिक होती हो फक्त. ती काही बोलली नाही. पडद्याच्या दोऱ्या सोडायला लागली.

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी मी पोरांना म्हटलं, परत करू. आणि या वेळी शिकवलं त्यांनी मला. नाट्यशास्त्राचा एकजण म्हणाला, "दादा, तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग. बतावणी कशाला असते? मागं तयारी चालू असताना पुढं लोक धरून ठेवायला. आपल्याकडं बतावणीच नव्हती." बघा! आम्ही ज्याला बॅकअप म्हणतो, ते तमाशात आधीपासून आहे.

मग दुसऱ्या वेळी काय केलं? दोन पोरं कायम माईकवर तयार ठेवली. परळीचा व्हिडिओ तुटला की त्यांची बतावणी सुरू. तो दोनदा तुटला आणि कमेंटमध्ये लोकांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. व्हिडिओ 480 वर आणला, बिटरेट 1000. सगळा जीव आवाजात घातला, कारण चित्र थोडं धूसर चालतं, भारूडाचा शब्द तुटलेला चालत नाही. टेस्ट शोच्याच वेळेला, शोच्याच जागेवरून केली. लॅपटॉप आणि राऊटर इन्व्हर्टरवर. आणि सगळ्यात आधी रेकॉर्डिंगचं बटण. ते मी नाही, तिनं दाबलं.

शो 50 मिनिटं चालला. एकदाही पडला नाही.

पण तिच्या आईनं तो लाईव्ह पाहिला नाही. त्या रात्री फडावर गाडी भरायला लागली होती, सगळी टोळी मोळ्या वाहत होती. मी पुन्हा खट्टू झालो. तीच म्हणाली, "दादा, आईचा टाईम कारखाना ठरवतो, यूट्यूब नाही." मग आम्ही तिचा सात मिनिटांचा आयटम कापला, फाईल लहान केली आणि व्हॉट्सॲपवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईची व्हॉइस नोट आली. मागं कोयत्यांचा आवाज. "पाहिलं गं. चारदा पाहिलं. पदर नीट घ्यायचा की. अन् ती साडी कुणाचीय?" पोरगी हसली आणि मग रडली.

मंडळी, मी रोज कामावर युजर, युजर करतो. पण आपला युजर कधी झोपतो, कधी गाडी भरतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही पोरंपोरी मिळून असा शो करणार असाल तर कॅमेरा कुठला घ्यायचा हे मला नंतर विचारा. आधी एक कागद घ्या आणि लिहा, हे कोण बघणार, कुठं बसून, किती वाजता. मग अपलोड स्पीड बघा. कमीत कमी जो आकडा येईल त्याच्या निम्म्यावर बिटरेट लावा. दोन बतावणीवाले ठेवा. आणि रेकॉर्डिंग दाबा रे बाबांनो!

तुमच्या गावात कुणी असं काही करत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, इथं ऐकवू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.