फवारणी आणि आपल्या मेंदूतलं एक जनुक

आजचा विषय नाव ऐकून कॉलेजातला वाटेल, पण आहे आपल्या शिवारातला. मी परभणी जिल्ह्यातल्या पेडगावचा. आमच्याकडे कापूस, सोयाबीन. म्हणजे पाठीवर पंप आलाच.

आपल्या सातव्या गुणसूत्रावर एसीएचई नावाचं जनुक आहे. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम कसं बनवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. मेंदूतल्या बऱ्याच पेशी एकमेकींना अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनातून निरोप देतात. स्नायूला 'आवळ' हा निरोपही त्यातूनच जातो. निरोप पोचला की तो लगेच पुसावा लागतो. पुसायचं काम या एन्झाइमचं. त्याचा एक रेणू सेकंदाला निरोपाचे हजारो रेणू तोडतो!

आता फवारणीकडे या. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. ती या एन्झाइमला चिकटून त्याला बंद पाडतात. किडीच्या अंगात असंच एन्झाइम असतं, म्हणून कीड मरते. पण आपण ज्याला 'औषध' म्हणतो, त्याला कीड कोण अन् माणूस कोण हे कळत नाही.

निरोप पुसला गेला नाही, की लाळ, घाम, उलट्या सुरू होतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा फवारलेल्या औषधांत या गटातलीही होती.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, ते साचलेल्या निरोपाला अडवतं. प्रॅलिडॉक्सिम एन्झाइमला विषापासून सोडवतं. पण वेळ गेला की विष पक्कं बसतं, मग ते सुटत नाही. म्हणून 'सकाळी बघू' हे वाक्यच नको. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन लावा, अन् औषधाच्या डब्याचं लेबल डॉक्टरांना दाखवा.

अजून एक. जनुक शाबूत असतं, त्यामुळे शरीर नवं एन्झाइम बनवतं; पण त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. रोज फवारणाऱ्या मजुराला तेवढी उसंत मिळत नाही. थोडं थोडं नुकसान साचत जातं, अन् एक दिवस नेहमीचीच फवारणी अंगावर येते. म्हणून पंप कायम एकाच्याच पाठीवर नको, आणि हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

हा भाग घरातल्या फवारणी करणाऱ्याला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!