मालिका पाहणारणींचे पुस्तक



मी सातवी शिकलेली. मी पुस्तकाच्या गोष्टी कराव्या, याचे कोणाला हसू येईल. येऊ द्या.

‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ ते २०२१ या काळात चालली. राणादा नि पाठकबाई घरची माणसे झाली. चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात, वसगड्याला. तो वाडा पाहायला लांबलांबून गाड्या येत. पुढे गर्दीच्या त्रासाने गावकऱ्यांनी चित्रीकरणाला हरकतही घेतली. नटांच्या मुलाखती पुष्कळ छापून आल्या. वाड्यापुढे उन्हात उभ्या राहिलेल्या बायांना मात्र, ‘बाई, तुम्ही का आलात?’ असे विचारून कोणी पुस्तक केलेले माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत हेन्री जेन्किन्स या प्राध्यापकाने १९९२ साली मालिकांच्या चाहत्यांवर पुस्तक लिहिले. तो स्वतःही चाहताच होता, म्हणून त्याने त्यांना वेडे ठरवले नाही.

आपल्यात तर दोन पक्ष आहेत! मास्तरीण सून पैलवानाच्या घरी अशी नांदायचीच नाही, म्हणून भांडणाऱ्या. नि नांदेल म्हणणाऱ्या. त्या भांडणात आपल्या सुनांविषयी, लेकींविषयी जे बोलले जाते, ते एरवी घरात कोणी बोलत नाही. तेच लिहून घ्यायचे. शंभरपानी वही मी आणली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मी उतरून घेईन.